सोनेरी काठाचे कप

वहिनीसाहेबांनी कुणाला तोंडावर 'नाही' म्हटलेलं मी कधी ऐकलं नाही. त्या चहा द्यायच्या.

चहा सगळ्यांनाच मिळायचा, आलं-गवती चहा घातलेला, दुधाचा, एकसारखा. फरक कपात असायचा. त्यांच्या बैठकीत काचेच्या कपाटात पांढरे, पातळ चिनीमातीचे कप होते, सोनेरी काठाचे, बशांसकट. त्यांचे आजेसासरे संस्थानच्या खानगी खात्यात होते, म्हणजे राजवाड्याचा घरगुती कारभार बघणाऱ्या खात्यात. तिथून ते कप घरात आले. बक्षीस मिळाले, असं वहिनीसाहेब म्हणायच्या, आणि आपण विचारायला जाऊ नये. दुसरे कप स्वयंपाकघरातल्या फळीवर असायचे, जाडेजुडे, पिवळ्या फुलांचे, चहापत्तीच्या पुड्यावर फुकट मिळालेले. ज्याच्यापुढे काठाचा कप आला त्याचं काम झालं. ज्याला फुलांचा मिळाला, त्याचा विषय त्या घरात तिथेच संपला. समोरच्या बिचाऱ्याला यातलं काही कळायचं नाही. तो भुरका मारून म्हणायचा, वा, काय फक्कड चहा झालाय!

मला शेजारी राहायला आल्या दिवसापासून फुलांचा कप. मी नाशिकची, यजमान रेल्वेत, आणि वासणा रोडवरच्या सोसायटीत आमची आणि वहिनीसाहेबांची, म्हणजे दळवींची, टेनामेंटं भिंतीला भिंत लागून. पहिल्या दिवशी त्यांनी मला हिंचक्यावर, म्हणजे बैठकीतल्या झोपाळ्यावर बसवलं, गावाचं नाव विचारलं, माहेरचं आडनाव विचारलं, आणि आत जाऊन कप घेऊन आल्या. मी आपली खूश, की शेजार चांगला मिळाला. कपाळ माझं!

त्यांचं नाव सुलोचना, पण ते त्यांच्या आधार कार्डाशिवाय कुठे नसावं. सासरी थोरली सून म्हणून वहिनीसाहेब, आणि मग सगळ्या सोसायटीलाच वहिनीसाहेब. समोरच्या शहांकडची मंडळी 'वैनीसाब' म्हणायची. एकदा त्यांच्या नव्या सुनेनं चुकून 'मासी' म्हटलं, तर वहिनीसाहेब गोड हसून म्हणाल्या, "बेटा, मासी घेर गई." मावशी घरी गेली. ती पोरगी आठवडाभर आमच्या बाजूनं फिरकली नाही.

हे असं गोड बोलणं. आवाज कधी चढला नाही, शिवी नाही, आदळआपट नाही. मला म्हणायच्या, "कुंदाबाई, साडी छान आहे हो तुमची. मागच्या वेळीही छानच होती." मी घरी येऊन नवऱ्यावर चिडायचे. तो म्हणायचा, मग जातेस कशाला? तर जात होते, कारण मला गाडी चालवता येत होती आणि त्यांना बडोदं दाखवायचं असायचं.

बडोदं दाखवणं म्हणजे काय, ते नीट सांगते. त्यांचा एकुलता एक मुलगा अभय. यजमान तो शाळेत असतानाच गेले. अभय एका कारखान्यात केमिस्ट, दिसायला बरा, स्वभावानं गाय. त्याच्या लग्नाचं बघायला सुरुवात झाली. इतरांकडे मुलगी बघायची तर कांदेपोहे होतात, तासाभरात आटपतं. वहिनीसाहेबांना ते हलकं वाटायचं. त्या मुलीला आणि तिच्या आईवडिलांना दिवसभरासाठी बोलवायच्या. "आमचं बडोदं बघून तर जा," असं फोनवर सांगायच्या. सकाळी स्टेशनवरून घ्यायचं, दिवसभर फिरवायचं आणि चार वाजता घरी चहा. अभय पुढे माझ्या शेजारी, मागे पाहुणे आणि वहिनीसाहेब दाटीवाटीनं. मला त्या दिवशी त्या कुंदाबाई म्हणत नसत, सारथी म्हणत. "सारथी, चालो!" म्हटलं की मी गाडी काढायची.

आधी राजवाडा. तिथे त्या 'आमचा' म्हणायच्या. "आमच्या दरबार हॉलमध्ये या," अशा थाटात, की तिकीट काढून रांगेत उभ्या राहिलेल्या माणसानं ऐकावं आणि लाजावं. मग कमाटी बागेतलं म्युझियम. तिथे पायऱ्यांपाशी आपली जड पर्स मुलीच्या हातात द्यायच्या, "जरा धरता?" म्हणून, आणि विसरायच्या. विसरायच्या कसल्या! बाहेर येईपर्यंत तिरक्या नजरेनं बघत असायच्या, की पोरगी कुरकुरते का, खांदा बदलते का, परत कधी देते. देवमाशाचा तो भला मोठा सांगाडा आहे ना, तिथे मुलीला उभं करून म्हणायच्या, "बघा, केवढा जीव आणि कुठे येऊन पडला." मुलगी हसली तर थिल्लर, नाही हसली तर घुमी.

लहरीपुऱ्यात एका ठरलेल्या दुकानात साड्या अंथरायला लावायच्या. "तुम्हाला कुठली आवडते, सांगा की." भडक उचलली तर आवड नाही, फिकी उचलली तर हौस नाही, 'तुम्हीच सांगा' म्हटलं तर डोकं नाही. जेवणात श्रीखंड पुन्हा घेतलं तर हावरी, नको म्हटलं तर नखरेल. मी एकदा सरळ विचारलं, "वहिनीसाहेब, मग पास व्हायचं कसं हो?" त्या म्हणाल्या, "होणारी होते. मी झाले होते ना."

ही त्यांच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी गोष्ट होती. त्या नवसारीच्या. वडील गिरणीत, घरी खाणारी तोंडं पुष्कळ. त्यांच्या सासूनं त्यांना असंच टांग्यातून बडोदं दाखवलं होतं आणि चार वाजता काठाच्या कपातून चहा दिला होता. त्याचा अर्थ त्यांना लग्नानंतर कळला. हे सांगताना त्यांचा चेहरा इतका उजळायचा की मला राग विसरायला व्हायचं. मग त्या म्हणायच्या, "माझ्याबरोबर त्या आठवड्यात दुसरीही एक आली होती. चांगल्या घरची. तिला पितळेच्या पेल्यात दिला!" आणि अगदी समाधानानं हसायच्या.

पहिली आली ती सांगलीची. उंच, वकिलीची परीक्षा दिलेली, वडील निवृत्त हेडमास्तर. ते मास्तर राजवाडा बघून इतके हरखले की त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. सुरसागरच्या काठावर उभं राहून मला म्हणाले, "ताई, आमच्या पोरीचं नशीब म्हणायचं." मुलीनं पर्स दोन तास वागवली, हूं की चूं केलं नाही. मला ती फार आवडली. चार वाजता चहा आला, फुलांच्या कपातून. मास्तर म्हणाले, "अमृत आहे हो!" आणि कप पुढे करून म्हणाले, "अर्धा कप अजून मिळेल का?" वहिनीसाहेबांनी स्वतः उठून ओतला, काठोकाठ. "घ्या ने, सर, संकोच कसला. आपलंच घर आहे."

तोपर्यंत मला कपाचं गौडबंगाल माहीत नव्हतं. त्यांना स्टेशनवर सोडून परत आलो, तेव्हा गाडी लावताना मी अभयला म्हटलं, "काय मग, पेढे कधी?" तो खाली बघत म्हणाला, "कप बघितलेत ना, कुंदाताई? संपलं ते." आणि मग त्यानं मला सगळं सांगितलं. मी म्हटलं, "अरे, तू काही बोलत का नाहीस?" तो म्हणाला, "आईशी काय बोलायचं? ती नाही म्हणतच नाही." मला रात्रभर त्या मास्तरांचा पुढे केलेला कप दिसत राहिला. आणि एक सांगते, मलाही कसला कप मिळतो ते त्याच दिवशी कळलं. नाकाला अशा मिरच्या झोंबल्या!

तुम्ही विचाराल, तरी पुढे गाडी काढत राहिलात? हो, राहिले. तमाशा बघायला जायची आणि जेवण फार छान असायचं. खोटं कशाला बोलू?

अशा पुष्कळ आल्या. इंदूरची आली, कोल्हापूरची आली, बेळगावची एक गाणारी आली. सगळ्यांनी राजवाडा बघितला आणि फुलांच्या कपातून चहा पिऊन गेल्या. अभयचे केस कानांपाशी पिकायला लागले. आणि मग मीनल आली.

मीनल सावली गावची. इथलीच, तासाभराच्या अंतरावरची. आजोबा कधीतरी साताऱ्याकडून येऊन तिथे शेतीवाडी करून राहिलेले, घरात मराठी, बाहेर गुजराती, आणि ती शिकवायची गुजराती शाळेत. बोलणं म्हणजे निम्मं इकडचं, निम्मं तिकडचं. "काकी, मला तर बहू मजा पडली," असं. वहिनीसाहेब प्रत्येक वाक्याला पापण्या मिटून घ्यायच्या. म्युझियमच्या पायऱ्यांवर त्यांनी पर्स पुढे केली, तर मीनलनं ती घेतली, हातात तोलली आणि अभयच्या खांद्याला अडकवली. "तुम्ही पकडा ने, मोकळेच तर आहात." अभय हसला. मोठ्यानं, मान मागे टाकून. इतक्या वर्षांत मी त्याला असं हसताना बघितलं नव्हतं.

मांडवीपाशी ती म्हणाली, श्रीखंड रोजचंच, सेवउसळ खाऊ. वहिनीसाहेब म्हणाल्या, रस्त्यावर मला फावत नाही, म्हणजे मानवत नाही. मग ही दोघं उभ्याउभ्या खात राहिली, तर्री वाढवून घेतली, दोघांची नाकं गळायला लागली आणि दोघं एकाच रुमालाला पुसत होती. आम्ही बाकीचे गाडीत. मीनलचे आईवडील अवघडून बसलेले आणि वहिनीसाहेब काचेतून बघत होत्या. "पोरगी छान आहे हो," त्या मला म्हणाल्या. हे त्या प्रत्येकीबद्दल म्हणायच्या.

घरी आलो. पाहुणे बैठकीत बसले, मी मदतीला स्वयंपाकघरात गेले आणि बघते तर अभय. त्यानं काचेच्या कपाटातून काठाचे कप काढून ओट्यावर मांडले होते. बशा पुसत होता. मला म्हणाला, "कुंदाताई, तुम्ही गाळणं धरा." मी गाळणं घेतलं, एवढ्यात वहिनीसाहेब आत आल्या.

त्यांनी कपांकडे बघितलं. मग अभयकडे. आणि अगदी मऊ आवाजात म्हणाल्या, "अरे, याला तडा आहे."

"कुठे आहे?" अभय म्हणाला. त्यानं कप उचलून उजेडात फिरवला. "नाहीये आई. बघ ना. कुठेही नाहीये."

त्यांनी तो त्याच्या हातातून घेतला, ओट्याच्या कडप्प्याच्या कडेवर एकदा आपटला आणि त्याच्यासमोर धरला. "हा काय," म्हणाल्या.

एक टवका उडून माझ्या पायाशी पडला होता. सासूच्या हातचा, संस्थानातून आलेला, जन्मभर मुलायम फडक्यानं पुसलेला कप! मला वाटलं, आता तरी हा पोरगा काहीतरी फेकेल, ओरडेल. पण फळीवरचे फुलांचे कप त्यानं स्वतःच काढले, चहा गाळला आणि ट्रे स्वतःच उचलून बाहेर घेऊन गेला. मला त्या क्षणी वहिनीसाहेबांपेक्षा त्याचा जास्त संताप आला, खरं सांगते.

मीनल मात्र आधीच्या मुलींसारखी नव्हती. तिनं हातातला कप बघितला, काचेच्या कपाटातली रिकामी जागा बघितली, अभयचं तोंड बघितलं. म्हणाली, "काकी, ते कपाटातले कप कुणासाठी असतात?"

"पाहुण्यांसाठी," वहिनीसाहेब म्हणाल्या.

"आणि आम्ही?"

"अगं, तुम्ही तर घरचीच माणसं."

तिचे आईवडील इतके सुखावले की विचारू नका. आई तर पदर सावरून म्हणाली, "हा तुमचा मोठेपणा." मीनलनं चहा संपवला, कप खाली ठेवला आणि अभयकडे बघत राहिली. त्यानं मान वर केली असती तर! एवढंच करायचं होतं त्याला. तो बिस्किटाची बशी सरळ करत बसला. मग ती उठली, "आवजो" म्हणाली आणि चप्पल घालायला दारात गेली.

त्यानंतर अभय आईशी वाईट वागला, असं कुणी म्हणणार नाही. औषधं आणायचा, पाय चेपायचा. फक्त मुली बघायला गाडीत बसायचा तो खिडकीबाहेर बघत बसायचा. मग मुली यायच्या कमी झाल्या. वर्षातून एक, मग तीही नाही. वहिनीसाहेब विवाहमंडळात फोन करायच्या आणि तिकडून हल्ली विचारायला लागले होते, मुलाचं पॅकेज किती, आई बरोबर राहणार का. 'आई बरोबर राहणार का' हे ऐकून त्यांनी फोन माझ्याकडे दिला होता, जणू फोनच बिघडला आहे.

शेवटची आली ती पुण्याची, कंपनीत मोठ्या हुद्द्यावर, घटस्फोट झालेली. पूर्वी अशी मुलगी या दारात उभी राहिली नसती. तिनं आधीच मेसेज करून सांगितलं, फिरणं नको, लोकेशन पाठवा, तासभर येते. वहिनीसाहेबांनी दुपारी बारापासून काठाचे कप पुसून टेबलावर मांडून ठेवले. न फिरवता, न बघता! मी बघत होते आणि मला कसंतरीच झालं. ती बाई आली, बसली, अभयशी नीट बोलली. वहिनीसाहेबांनी स्वतःच्या हातानं काठाचा कप तिच्यापुढे ठेवला. ती म्हणाली, "सॉरी, मी चहा घेत नाही." आणि त्याला तिनं हातही लावला नाही. ती गेल्यावर कितीतरी वेळ तो कप तसाच होता. वर साय धरली होती. वहिनीसाहेब त्याच्यासमोर हिंचक्यावर बसून राहिल्या, पाय जमिनीला टेकवून.

पुढे त्या बाथरूममध्ये पडल्या. खुब्याचं ऑपरेशन झालं, हातात काठी आली. जीभ मात्र ठणठणीत. मला म्हणाल्या, "कुंदाबाई, तुम्ही रोज येता, बरं वाटतं. तुम्हाला तरी दुसरं कुठे असतं जायला?"

आणि या हिवाळ्यात अभयला जामनगरला नोकरी लागली. पगार चांगला, कंपनीचं क्वार्टर. एका संध्याकाळी तो आमच्याकडे आला आणि म्हणाला, "कुंदाताई, शनिवारी गाडी काढाल का? आईला बडोदं दाखवायचंय."

"आईला? तिला काय दाखवायचंय त्यात?"

तो म्हणाला, "सावली रोडवर एक वृद्धाश्रम आहे. चांगला आहे, बघून आलोय मी. तिला तिथे ठेवायचं की जामनगरला बरोबर न्यायचं, माझं ठरत नाहीये. शनिवारी बघू."

"बघू म्हणजे रे काय? आणि तिला सांगितलंस का?"

"नाही," तो म्हणाला. "फिरून आल्यावर चहा घेऊ ना."

मी म्हटलं, अरे, आई आहे ती तुझी. तो हसला, अगदी गोड. तेव्हा मला पहिल्यांदा दिसलं की याचं हसू कुणावर गेलंय.

शनिवारी वहिनीसाहेब अशा नटल्या होत्या! जरीकाठी साडी, मोत्यांच्या कुड्या. या खेपेला पुढे माझ्या शेजारी बसल्या. "सारथी, चालो!" मुलगा आपल्याला फिरवायला नेतोय, यातच त्या तरंगत होत्या. राजवाड्याच्या फाटकापाशी म्हणाल्या, "आत नको, माझं बघून झालंय. आमचाच तर आहे." कमाटी बागेत म्युझियमच्या पायऱ्या चढणं शक्य नव्हतं. पायऱ्यांपाशी उभ्या राहिल्या आणि सवयीनं पर्स पुढे केली. "जरा धर." अभयनं ती घेतली आणि बराच वेळ हातात घेऊन उभा राहिला.

मग बाकावर बसलो. ऊन चांगलं लागत होतं. वहिनीसाहेबांनी पदराच्या टोकानं त्याचं कपाळ पुसलं आणि म्हणाल्या, "किती काळवंडलास रे. तिकडे कोण बघणार तुझ्याकडे?" जामनगरची नोकरी त्यांना माहीत होती, आपण बरोबर जाणार हे त्यांनी धरूनच ठेवलं होतं. गाडीकडे येताना मात्र हळूच मला म्हणाला, "कुंदाताई, क्वार्टर तळमजल्याचं आहे. आईला फावेल तिथे." मी मनातल्या मनात हात जोडले. म्हटलं, सुटलो!

तिथूनच घरी यायला हवं होतं. पण त्यांना लहरीपुऱ्यात जायचं होतं, त्या ठरलेल्या दुकानात. जामनगरच्या शेजारणींना द्यायला काहीबाही घ्यायचं होतं. दुकानाच्या पायरीवर त्यांना खुर्ची दिली. आणि मागून आवाज आला, "केम छो, काकी?"

मीनल होती. जरा भरली होती, चष्मा लागला होता, शेजारी तिच्या खांद्याला लागेल एवढी मुलगी. मी ओळखलं. अभयनं तर पाठमोरा असतानाच, नुसत्या आवाजावरून ओळखलं असावं, कारण तो वळलाच नाही.

वहिनीसाहेबांनी तिला खालून वर बघितलं. "कोण गं तू?"

"मी मीनल. सावलीवाली. तुमच्या घरी आले होते, नाही का, चहाला?"

"असेल," वहिनीसाहेब म्हणाल्या. "तेव्हा पुष्कळ यायच्या."

आणि पुन्हा साड्यांकडे वळल्या. मीनल अभयच्या पाठीकडे क्षणभर बघत राहिली, मग माझ्याकडे बघून हसली आणि मुलीचा हात धरून गर्दीत गेली. "बोलणं बघा कसं धेडगुजरी," वहिनीसाहेब मला म्हणाल्या. मी अभयकडे बघितलं. तो हातातली पर्स घट्ट धरून उभा होता. मला जे कळायचं ते कळलं. त्यांनी तिला मुद्दाम झिडकारलं असतं तरी कदाचित चाललं असतं. त्यांना ती आठवतच नव्हती.

घरी येईपर्यंत तो मागे पर्स मांडीवर घेऊन बसला. वहिनीसाहेब बोलत होत्या, जामनगरला हिंचका न्यायचा, कपाट न्यायचं, कप मात्र हातात धरून न्यावे लागतील, ट्रकवाले धड ठेवत नाहीत. मी नुसती हूं हूं करत होते.

"बसा, चहा मी करतो," अभय म्हणाला. जाताना त्यानं काचेचं कपाट उघडलं आणि कप आत नेले. मला जरा आशा वाटली. वहिनीसाहेब सोफ्यावर टेकल्या, काठी बाजूला ठेवली. "आज अगदी सरखं, मस्त फिरलो, नाही?"

तो ट्रे घेऊन आला. ट्रेमध्ये दोन काठाचे कप होते आणि एक फुलांचा. एक काठाचा त्यानं माझ्यापुढे ठेवला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा! दुसरा स्वतःसाठी ठेवून घेतला. आणि फुलांचा कप त्यानं दोन्ही हातांनी, अगदी अदबीनं, आईपुढे ठेवला.

"घे, आई. आपलंच घर आहे."

वहिनीसाहेब कपाकडे बघत राहिल्या. मग कपाटाकडे बघितलं, माझ्या हाताकडे बघितलं. त्यांच्या तोंडावरचा रंग हळूहळू गेला. जन्मभर त्यांनी मला जे ऐकवलं ते आठवून मला आनंद व्हायला हवा होता. पण तो पातळ कप हातात इतका हलका होता की मला त्याची भीती वाटत होती.

"कुंदाबाई, जपून," त्या म्हणाल्या. आवाज नेहमीसारखाच. "दात लागू देऊ नका. सोनं उडतं त्याचं."

मग त्यांनी फुलांचा कप उचलला. सवय नव्हती, जड लागला असावा, दुसरा हात खाली धरला. सगळा चहा प्यायल्या, सावकाश.

"छान झालाय रे," म्हणाल्या. "कधी?"

"उद्या, आई. सकाळी."

"बरं." त्यांनी काठी जवळ ओढली. "सारथी, गाडी तुम्हीच काढाल ना?"

मी मान हलवली. त्यांनी रिकामा कप मुलापुढे धरला.

"अर्धा कप अजून असेल तर दे," म्हणाल्या.

अभय उठला, आणि त्यानं तो काठोकाठ भरून दिला.